जनाची नाही, तर जनावराची!

अहो, ऐकलंत का, डेव्हिड लिंच यांची गाय समितीने परत पाठवली होती! गोष्ट २००० सालची, पण अजून तितकीच खमंग. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फायबरग्लासच्या शेकडो गायी मांडल्या होत्या. नामवंतांना एकेक कोरी गाय द्यायची, त्यांनी ती रंगवून द्यायची, असा सगळा गोड बेत. त्यातली एक गाय दिली सिनेदिग्दर्शक लिंच यांना. ज्या माणसाने जन्मभर लोकांची झोप उडवणारे सिनेमे काढले, तो गायीच्या पाठीवर सूर्यफुलं काढून देईल, असं वाटलं तरी कुणाला? त्यांनी तिचं मुंडकं उडवलं, आतडी बाहेर काढली, मागच्या अंगात काटेसुऱ्या खुपसल्या आणि अंगावर लिहिलं, ‘माझी भीती खा’. समितीची दातखीळ बसली. ही गाय रस्त्यावर येणार नाही म्हणजे नाही! कोपऱ्याकोपऱ्यावर बर्गर खाणाऱ्या शहराला गायीला लागलेली सुरी पाहवेना. शिव शिव!

पण ही टूम मुळात काढली कुणी, ते तर पाहा. कुणा वेड्या कलावंताने? छे हो. दुकानदारांनी! स्वित्झर्लंडच्या झुरिक शहरात व्यापाऱ्यांच्या संघटनेने १९८६ मध्ये आधी रंगीत सिंह मांडून पाहिले. ते जमलं म्हटल्यावर १९९८ मध्ये गायी आणल्या. पास्कल क्नाप या शिल्पकाराने गायीचे तीन साचे केले, एक उभी, एक चरणारी, एक बसलेली. शिल्पकाराचं काम इथेच संपलं. पुढे रंगवणारे रंगवतात, पैसे देणारे देतात, बघे फोटो काढतात, आणि फोटो काढून झाला की समोरच्याच दुकानात शिरतात. शिकागोहून आलेल्या एका जोड्यांच्या व्यापाऱ्याने हा प्रकार पाहिला आणि १९९९ मध्ये तीनशेहून जास्त गायी शिकागोत उतरल्या. गायीचं कातडं विकणाऱ्याने गायीचा पुतळा गावात आणावा! याला कृतज्ञता म्हणावं की धंदा, तुम्हीच ठरवा.

बरं, शिकागोचं आणि गायीचं नातं काही साधं नाही. १८७१ मध्ये त्या शहराचा मोठा भाग आगीत बेचिराख झाला, तेव्हा सगळा ठपका ओलिअरी नावाच्या गरीब गवळणीच्या गायीवर आला. म्हणे तिने लाथ मारून कंदील पाडला. सव्वाशे वर्षं ही बदनामी चालली. अखेर १९९७ मध्ये शिकागोच्या नगरपालिकेने ठराव करून बाई आणि गाय दोघींनाही निर्दोष ठरवलं, आणि दोनच वर्षांनी तिच्या बहिणी रंगरंगोटी करून हमरस्त्यावर हजर. एवढं झटपट पुनर्वसन तर आपल्याकडे पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्यांचंही होत नाही. शेवटी गायींचा लिलाव झाला, धर्मादाय कामाला तीस लाखांहून जास्त डॉलर मिळाले. आकडा ऐकून इतर शहरांच्या तोंडाला पाणी सुटणारच. सिनसिनाटीने डुकरं मांडली, टोरांटोने मूस नावाची सांबरं, बर्लिनने अस्वलं.

यामागची अक्कल मात्र दाद देण्यासारखी आहे. माणसाचा पुतळा म्हटला की आधी समिती, मग उंचीवरून वाद, मग अनावरण कुणाच्या हस्ते त्यावरून वाद, पुढे जयंतीला हार कुणी आधी घालायचा यावरून धक्काबुक्की. गाढवाला यातलं काहीच लागत नाही. त्याला ना जात, ना पक्ष, ना भावना दुखावणारे वंशज. पालिकेला याहून सुरक्षित मूर्ती कोणती मिळणार?

गाढवाला पक्ष नाही, हे जरा मागे घ्यावं लागेल. अमेरिकेत आहे. डेमोक्रॅट पक्षाचं चिन्ह गाढव, रिपब्लिकनांचं हत्ती. २००२ मध्ये वॉशिंग्टनने समतोल राखायचा म्हणून शंभर गाढवं आणि शंभर हत्ती मांडले. आता तरी कुणी तक्रार करायला जागा उरली होती का? उरली होती! प्राण्यांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या ‘पेटा’ने पायांत बेडी घातलेला, ढळाढळा रडणारा सर्कशीचा हत्ती रंगवायचं ठरवलं. कला आयोग म्हणाला, आम्हाला आनंदी हत्ती हवेत. प्रकरण कोर्टात. खालच्या कोर्टाने हत्ती मांडायला लावला, वरच्या कोर्टाने २००५ मध्ये निकाल फिरवला. तोवर मेळावा उठून तीन वर्षं होत आली होती.

आणि स्टॉकहोममध्ये काय झालं, ते तर विचारूच नका. सांगतेच. २००४ मध्ये तिथे एका गायीचं अपहरण झालं. होय, अपहरण! पळवून नेणारी टोळी भिंती रंगवणाऱ्यांची. खंडणी किती मागितली असेल? एक पैसाही नाही. मागणी एकच, या सगळ्या गायी ‘कला नाहीत’ असं जाहीर करा, नाहीतर गायीचा बळी देऊ. आमची गाठ असल्या टीकाकारांशी पडली नाही. आपले समीक्षक फार तर दिवाळी अंकात चार ओळी खरडून गप्प बसतात.

गायी निदान जमिनीवर होत्या. फ्लोरेन्टाइन हॉफमन या डच कलावंताने तर पाण्यात बदक सोडलं, पिवळं, रबरी, न्हाणीघरातल्यासारखं, पण इमारतीएवढं. २०१३ मध्ये ते हाँगकाँगच्या बंदरात आलं आणि लोक वेडे झाले. मग एक दिवस त्याची हवा गेली आणि पाण्यावर नुसती पिवळी साल तरंगताना पाहून लोक हळहळले. त्याच वर्षी तैवानमध्ये कीलुंगच्या बंदरात ३१ डिसेंबरला ते चक्क फुटलं. लोक नव्या वर्षाच्या स्वागताला जमलेले आणि बदकाने आधीच फटाका वाजवला! त्याआधी हॉफमनसाहेब यजमानांवर रुसून बसले होते, तुम्ही माझ्या बदकाचा बाजार मांडलात म्हणून. बाजार मांडला नाही तर बदक आणायचं कशाला, असं यजमानांना वाटलं असणार. चीनमध्ये तर याहून बहार. तिआनानमेन चौकात रणगाड्यांपुढे एकटा उभा राहिलेला माणूस आठवतो ना? कुणीतरी त्या छायाचित्रातल्या रणगाड्यांच्या जागी बदकं बसवली. झालं, त्या चौकातल्या घटनांच्या स्मृतिदिनाला, ४ जूनच्या सुमाराला ‘मोठं पिवळं बदक’ हे शब्द शोधायलाच तिथल्या संकेतस्थळावर बंदी. एवढं मोठं सरकार न्हाणीघरातल्या खेळण्याला घाबरलं.

जेफ कून्स यांचं नाव काढल्याशिवाय हा विषय पुरा व्हायचा नाही. फुग्यांचा पिळून केलेला कुत्रा असतो ना, जत्रेत पोरांना मिळतो तसा? तो त्यांनी चकचकीत पोलादात, माणसाहून उंच केला. त्यातला नारिंगी कुत्रा २०१३ मध्ये ५ कोटी ८४ लाख डॉलरना विकला गेला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका दुकानात फुग्याच्या कुत्र्यासारखे... थांबा, हे पुढे नव्हे, त्याच्या आधीचं, २०१० च्या अखेरीचं. तिथे तसे पुस्तकांना टेकू द्यायचे कुत्रे विकायला ठेवले होते, तर कून्स यांच्या वकिलांची नोटीस हजर. दुकानाच्या बाजूने कोर्टात सांगण्यात आलं, की फुगा पिळून कुत्रा करणं कुठल्याही विदूषकाला येतं. नोटीसवाले गुपचूप मागे फिरले. गंमत अशी की याच कून्स यांना कुणा छायाचित्रकाराच्या फोटोवरून पिल्लांचं शिल्प बेतल्याबद्दल १९९२ मध्ये कोर्टाने दोषी धरलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणायचं मनात होतं, पण वकिलांची धास्ती वाटते. एवढं मात्र कबूल, स्पेनमधल्या बिल्बाओच्या संग्रहालयापुढे जिवंत फुलांनी मढवलेलं त्यांचं बारा मीटर उंच पिल्लू पाहून रुसून बसणं अवघड आहे.

गोगलगायही सुटली नाही. इटलीच्या ‘क्रॅकिंग आर्ट’ मंडळींनी २०१२ मध्ये मिलानच्या भव्य कॅथेड्रलवर निळ्या प्लास्टिकच्या गोगलगायी चढवल्या. गोगलगाय नि पोटात पाय, पण चढली कुठवर पाहा!

आता लंडन. ट्रॅफल्गर चौकात एक चौथरा दीडशे वर्षांहून जास्त काळ रिकामाच होता. त्यावर राजा चौथा विल्यम घोड्यावर बसायचा होता, पण पैसे संपले. अलीकडे तिथे आळीपाळीने नवी शिल्पं लावतात. २०१३ मध्ये जर्मन शिल्पकार कातारिना फ्रिच यांचा जवळजवळ पाच मीटर उंच, गर्द निळा कोंबडा चढला. फ्रेंचांना धूळ चारणारा नेल्सन त्याच चौकात उंच खांबावर, आणि खाली कोंबडा, तोही फ्रान्सचं चिन्ह! एका स्थानिक संस्थेने ‘या जागेशी याचा संबंध काय’ म्हणून हरकत घेतली. कोंबडा आरवला नाही, पण शहर जागं झालं.

आपल्याकडचंही ऐका. २०१५ मध्ये जयपूरच्या कलामेळ्यात एका कलावंताने थर्मोकोलची गाय फुग्याला बांधून आकाशात सोडली. प्लास्टिक खाऊन मरणाऱ्या गायींकडे लोकांचं लक्ष जावं, हा हेतू. लक्ष गेलं, पण पोलिसांचं. गाय खाली, कलावंत ठाण्यात. उतरवलेल्या गायीला हार घालून पूजा झाल्याच्याही बातम्या आल्या. खऱ्या गायी शेजारच्या उकिरड्यावर पिशव्या चघळतच होत्या.

मुंबई त्या मानाने शहाणी. २०१८ मध्ये रंगीत हत्ती आले, लोकांनी फोटो काढले, हत्ती गेले. पण आमचं मत विचाराल तर खरी बाजी काळ्या घोड्याने मारली आहे. १९६५ मध्ये सातव्या एडवर्डचा पुतळा घोड्यासकट उचलून राणीच्या बागेत नेला. राजा राणीच्या बागेत गेला, जागेवर गाड्या उभ्या राहू लागल्या, तरी पत्ता सांगताना मुंबईकर पन्नास वर्षं ‘काळा घोडा’च म्हणत राहिला. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, पाठीवर स्वार नसलेला. तेव्हा पुतळा समित्यांच्या सन्माननीय सदस्यांना हात जोडून विनंती, त्या रिकाम्या पाठीकडे पाहून काही सुचलंच, तर कृपया सुचवू नका.