ऐकू येता कामा नये

अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी लागली की पोरं दोन वाटांनी जातात. काही पैसे मिळवतात, काही झोपा काढतात. पण एक तिसरीही जमात आहे. ती पाच हजार डॉलरच्या आसपास फी भरते, गावोगावच्या शाळांच्या जिममध्ये फरशीवर पथारी टाकते, दिवसभर रणरणत्या उन्हात पितळी वाद्य तोंडाला लावून उलट्या पावली चालते आणि रात्री बसमध्ये डुलक्या काढत पुढच्या गावाला जाते. हे हाल आपल्या वाट्याला यावेत म्हणून ती आदल्या हिवाळ्यात रीतसर परीक्षाही देते. परीक्षेत नापास झाली, तर उशीत तोंड खुपसून रडते.

ही जमात म्हणजे ड्रम कोअरच्या ब्रास सेक्शनचे उमेदवार. ड्रम कोअर म्हणजे नुसता बँड, असं त्यांच्यासमोर म्हणू नये. बँडमध्ये बासरी असते, क्लॅरिनेट असते. इथे फुंकायला फक्त पितळ, सोबत ड्रम आणि झेंडे. सॅक्सोफोन अंगाने पितळेचा, पण पोटात वेताची पट्टी, म्हणून त्यालाही पंक्तीत पान नाही. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी ही पथकं उभी केली, पुढे सैनिक मागे पडले आणि पोरं उरली. 1972 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी ड्रम कोअर इंटरनॅशनल या संघटनेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. आता अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या फुटबॉल स्टेडियममध्ये होते. विशी उलटून एक-दोन वर्षं झाली की सक्तीची निवृत्ती. त्यामुळे सतरा वर्षांचा उमेदवारसुद्धा ‘आता वेळ फार थोडा उरलाय’ असं आपल्या आजोबांच्या वयाला शोभेल अशा सुरात सांगतो.

डॅलसजवळच्या एका उपनगरात, माझ्या बहिणीच्या घरी, यातला एक नमुना आहे. नात्याने माझा भाचा, वाद्य ट्रम्पेट. आईचा वाढदिवस त्याला फोन आठवून देतो. पण 2008 सालच्या अंतिम फेरीत फँटम रेजिमेंट कोअरने ब्लू डेव्हिल्सना किती गुणांनी हरवलं, हे झोपेतून उठवून विचारा: शंभरापैकी 0.025! त्या वर्षी हा स्वतः दुपट्यात होता, तरी पंचांच्या त्या निकालावर तो अजून हिरिरीने बोलतो.

तयारी सुरू होते श्वासापासून. चार मोजत आत, आठ मोजत बाहेर. मग दोन मोजत आत, बारा मोजत बाहेर. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आजी हे सोफ्यावरून पाहत होती. तिला वाटलं, अखेर रामदेवबाबा टेक्सासला पोचले. “खांदे उचलू नकोस रे, पोट भर,” ती म्हणाली. पुढच्याच आठवड्यात ऑनलाइन शिकवणीच्या मास्तरांनी अक्षरशः हेच सांगितलं. तेव्हापासून आजी त्याची मानद प्रशिक्षक आहे, आणि मास्तरांना तासाचे साठ डॉलर का द्यायचे, हा तिचा प्रश्न अनुत्तरित आहे.

श्वासानंतर ओठ. वाद्याचा माउथपीस तेवढा काढून त्यात नुसते ओठ थरथरवायचे. माउथपीस सदैव खिशात. सिग्नलला गाडी थांबली की भुर्रर्र, देवळात प्रसादाच्या रांगेत भुर्रर्र. पुढे ‘रेमिंग्टन’. एमोरी रेमिंग्टन हे ट्रॉम्बोनचे थोर शिक्षक रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीतविद्यालयात होऊन गेले. त्यांच्या नावाचा हा पाठ: एक लांब सूर धरायचा, अर्धा सूर खाली उतरायचं, परत वर यायचं; मग आणखी अर्धा सूर खाली, पुन्हा वर. असं करत करत तळ गाठायचा. यात चाल नाही, गाणं नाही, ठेका नाही. सकाळी साडेसहाला हे ऐकताना घरातल्या माणसाला आयुष्याविषयी जे विचार सुचतात, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. ऑडिशनच्या आधी आठवडाभर ठेचा आणि लोणचं बंद, कारण ओठ सुजतात. आजीने साताऱ्याहून बॅगेत दडवून आणलेला ठेचा. नातू ताटावरून उठताना ‘माझे चॉप्स’ (वादकांच्या भाषेत ओठ) म्हणाला. आजीला वाटलं, पोरगं बाहेर जाऊन मटण खाणार.

मग चाल. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच. त्यात अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर ओळ वाकडी दिसते. बंगल्यापुढच्या रस्त्यावर भाच्याने खडूने रेघा आखल्या. सोसायटीच्या समितीचं सौम्य भाषेतलं पत्र आलं, रेघा पुसल्या गेल्या, पण तोवर मापं पायात बसली होती. आता तो फ्रिजपासून डायनिंग टेबलापर्यंत बरोब्बर आठ पावलांत येतो. उलटं चालायचं तर टाचा उचलून, चवड्यांवर, मान न वळवता. दुधाचा गॅलनचा कॅन हातात घेऊन स्वयंपाकघरातून पाठीमागे जाणारा सहा फुटी मुलगा अंधारात अचानक दिसला, तर काय होतं ते माझ्या मेहुण्यांना विचारा. वाद्य आडवं धरायचं नाही, किंचित वर रोखायचं. त्यामुळे हिवाळाभर त्याचं नाकही वरच होतं. बहिणीला वाटलं, पोराला गर्व झाला.

त्याचा मित्र ट्यूबावाला. ट्यूबावाल्यांची जातच निराळी. तीसेक पौंडांचं धूड एका खांद्यावर पेलून त्यांना नाचत-पळत वाजवायचं असतं. शाळेचा ट्यूबा सुट्टीत घरी मिळेना, तेव्हा या मित्राने आमच्याकडची वीस पौंडांची सोना मसुरीची गोणी खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या. ट्यूबावाले गोड स्वभावाचे असतात. जगाचं ओझं वाहायचंच आहे, तर हसत वाहू, असा त्यांचा एकूण भाव. ट्रम्पेटवाले तसे नाहीत. सगळ्यात उंच सूर आपलाच लागतो, अशी प्रत्येकाची खात्री असते. एकत्र आले की नमस्कार-चमत्कारांच्या आधी वरच्या सप्तकात एक-एक किंकाळी मारून घेतात. मेलोफोनवाल्यांची मात्र कुणी चेष्टा करायचं सोडत नाही. त्यांचं वाद्य दिसतं ट्रम्पेटच्या सुजलेल्या भावासारखं आणि जरा लक्ष ढळलं की सूर निसटतो. माझा भाचाही या चेष्टेत आघाडीवर. हे लक्षात ठेवा.

खरी पंचाईत कानांची. महिनाभर ट्यूनर समोर ठेवून वाजवल्यावर उमेदवाराला सगळं जग बेसूर वाटू लागतं. अमेरिकेतली वीज 60 सायकलची, म्हणून तिथल्या फ्रिजची घरघर धड बी-फ्लॅट नाही आणि धड बीही नाही. या दुःखाने भाचा रात्री किचनचं दार लावून झोपे. भारतातली वीज 50 सायकलची, तिची घरघर जवळपास जी, हे मला त्यानेच सांगितलं. ड्रम कोअरचे जुने बिगूलही जी सुरातले असत, 2000 साली तो नियम सैल झाला. म्हणजे माझा पुण्यातला फ्रिज जुन्या काळी भरतीला चालला असता.

गणपतीत मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचा सराव मॉलमागच्या पार्किंगमध्ये होता. बहिणीने कौतुकाने लेकाला नेलं. तो पंधरा मिनिटं हाताची घडी घालून उभा राहिला आणि मग ताशावाल्या काकांपाशी गेला. “काका, तुम्ही 128 वर सुरू केलं, आता 140 वर आलात. मेट्रोनोम लावू का?”

काकांनी घाम पुसला. “अरे, बाप्पा निघालेत! वाढणारच!”

भाच्याला हे उत्तर पटलं नाही. मला विचाराल तर ड्रम कोअरच्या नियमांत नसलेलं एकच वाक्य त्या दिवशी काकांनी सांगितलं होतं.

मेहुण्यांचं दुखणं वेगळं. ते पहिल्या नंबरच्या संस्कृतीत वाढलेले. मुलाला त्यांनी स्पेलिंगच्या स्पर्धेत घातलं, गणिताच्या घातलं, बुद्धिबळाच्या घातलं. सगळीकडे मंत्र एकच, गर्दीतून वर ये. एकदा भाच्याने त्यांना टीव्हीवर एका कोअरची ब्रास ऐकवली. ऐंशीच्या आसपास माणसं, आणि शेवटच्या सुराला दिवाणखान्यातल्या काचा वाजल्या. मेहुणे हलले. मग म्हणाले, “वा! पण यात सगळ्यात भारी कोण? तू गेलास तर तुझा आवाज कसा ओळखायचा?”

“बाबा, माझा आवाज ओळखू आला तर मला काढून टाकतील.”

मेहुण्यांनी रिमोट हळूच खाली ठेवला. पाच हजार डॉलर देऊन मुलाने ओळखू न येणं, ही कल्पना पचवायला त्यांना अख्खा हिवाळा लागला. माझ्या मते उमेदवाराची सगळी गंमत इथेच आहे. एकलकोंड्या खोलीत महिनोन्‌महिने घासून तो जे कमावतो, ते शेवटी शेजाऱ्याच्या सुरात विरघळवण्यासाठी. शेजाऱ्याचं पाऊल साडेबावीस इंचांचं म्हणून आपलंही तेवढंच. शेजाऱ्याचा सूर जिथे सुटतो तिथेच आपलाही. एवढी जिवापाड मेहनत नजरेआड होण्यासाठी करणारा दुसरा सतरा वर्षांचा मुलगा अमेरिकेत शोधून सापडणार नाही. बाकीचे सगळे फोनसमोर नाचतायत.

फोन अर्थात यालाही लागला, व्हिडिओ ऑडिशनसाठी. कपडे काळे, मागे कोरी भिंत, सगळं एका दमात, काटछाट चालत नाही. पहिल्या खेपेला शेजाऱ्यांचा कुत्रा बोलला. दुसऱ्या खेपेला स्वतःचाच सूर फुटला. पुढची खेप निर्दोष चालली होती, शेवटच्या आठ मात्रा राहिल्या होत्या आणि कुकरची शिटी झाली. बहीण कानकोंडी. “अगं आई,” तो हताशपणे म्हणाला, “निदान सुरात तरी होऊ द्यायचीस.” त्या दिवशी वरण रात्री साडेनऊला शिजलं.

व्हिडिओ पसंत पडला, शिबिराला बोलावणं आलं. थँक्सगिव्हिंगनंतरच्या थंडीत एका शाळेच्या आवारात तीन दिवस. जाताना गॅलनभर पाण्याचा जग, हवेची गादी, सनस्क्रीन (डिसेंबरात!) आणि आजीने कोंबलेले बेसनाचे लाडू. लाडू ट्यूबावाल्यांनी खाल्ले. परत आला तेव्हा आवाज बसलेला, ओठ भाकरीसारखे, आणि चेहऱ्यावर काही केल्या ओळखता येईना असा भाव.

“काय झालं?” बहीण.

“कॉलबॅक आलाय.”

“म्हणजे घेतलं?”

“म्हणजे परत बोलावलंय. ट्रम्पेटला गर्दी फार आहे.” तो थांबला. “मेलोफोनवर.”

ट्रम्पेटवाल्याला यापेक्षा क्रूर वाक्य ऐकवता येत नाही. बोटं तीच, पण वाद्य मोठं, माउथपीस निराळा आणि ओठांची सगळी कमाई पुन्हा पहिलीपासून. दोन दिवस घरात चिडीचूप. फ्रिज तेवढा आपल्या अर्धवट सुरात घरघरत होता. तिसऱ्या दिवशी शाळेतून उसना आणलेला मेलोफोन भल्यामोठ्या पेटीतून बाहेर निघाला आणि सकाळी साडेसहाला रेमिंग्टन पुन्हा सुरू झाला. या वेळी जरा जाड, जरा घरंगळत.

आजी साताऱ्यातल्या आपल्या बहिणीशी फोनवर बोलत होती. आवाज ऐकून तिने फोन खोलीच्या दिशेने धरला.

“ऐकलंस? वरच्या वर्गात घातलाय त्याला. मोठा भोंगा दिलाय!”