चार रात्रींचे वतनदार

वरसाव्याच्या नाक्यावरून एक रस्ता घोडबंदरच्या बाजूने ठाण्याकडे वळतो आणि महामार्ग खाडी ओलांडून वसईच्या दिशेने निघून जातो. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि तिची तिवरे, आणि या दोहोंच्या मधल्या सखल जमिनीत जेथे पावसाचे गोडे पाणी साचते, तेथे दरसाल मृगाच्या सुमारास एका बड्या असामीची स्वारी अवतीर्ण होते. सरकारी दप्तरात या गृहस्थांच्या नावे सातबारा नाही, की ताम्रपटावर कोरलेली सनद नाही. तथापि पहिल्या दमदार पावसानंतर ते ज्या थाटाने डबक्याच्या मध्यभागी विराजमान होतात, तो पाहता हा सारा मुलूख त्यांच्या पूर्वजांस इनाम मिळालेला असावा, याविषयी बघणाराच्या मनात संदेह उरत नाही. प्राणिशास्त्रज्ञ यांना होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस म्हणतात, साधी माणसे बैलबेडूक म्हणतात. आपण अदब राखून त्यांना रावसाहेब म्हणू.

गावोगाव असा एक मनुष्य असतोच, जो वर्षभर कोणाच्या कामाला येत नाही, वर्गणीच्या वेळी तर घरीच सापडत नाही, पण जत्रेच्या दिवशी जरीचा फेटा बांधून सर्वांच्या पुढे उभा राहतो आणि मानाचा नारळ मागतो. रावसाहेब त्याच जातकुळीतले. कोरड्या दिवसांत ते मातीखाली बिळात निपचित पडून असतात. ना अन्न, ना हालचाल, ना चकार शब्द. पाऊस जमिनीत मुरला, की मात्र हे शेवाळी-तपकिरी रंगाचे प्रौढ गृहस्थ वर येतात आणि अंगावर लिंबासारखा पिवळाधमक पोशाख चढवितात. गळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन निळेशार फुगे फुगू लागतात, आणि मग जो जाहीरनामा सुरू होतो, तो पहाटेपर्यंत थांबत नाही. नवल हे, की एवढा कोलाहल ते तोंड मिटून करतात! फुप्फुसातली हवा त्या फुग्यांत आणि फुग्यांतली पुन्हा फुप्फुसात खेळविली, की झाले. मिटल्या तोंडाने इतके बोलण्याची विद्या आमच्या सभांतील वक्त्यांना अद्याप साध्य झालेली नाही.

जाहीरनाम्याचा मजकूर एवढाच, की ही हद्द माझी. शेजारचे रावसाहेबही तंतोतंत तेच बजावीत असल्याने कज्जे अटळ असतात. मग धक्काबुक्की होते, कुस्ती होते, एखाद्यास पाण्यात बुडविले जाते. हा सारा बडेजाव ज्यांच्यासाठी, त्या बाईसाहेब अंगाने रावसाहेबांहून मोठ्या, पोशाखाने साध्या आणि गोंगाटाच्या बाबतीत पूर्ण अलिप्त असतात. माझ्या मते त्या समाजातील खरे शहाणपण तेथेच आहे.

रावसाहेबांच्या भोजनाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. किडे, गांडुळे आणि खेकडे हा नित्याचा फराळ. परंतु उंदराचे पिल्लू, लहानसा साप, किंबहुना स्वतःचा एखादा धाकटा भाऊबंद समोर आला, तरी ते नात्यागोत्याचा विचार करीत बसत नाहीत. जे हलते आणि तोंडात मावते, ते खाद्य, असा त्यांचा साधा धर्म आहे. घास गिळताना ते भक्तिभावाने डोळे मिटतात, असे वाटते खरे. वस्तुतः डोळ्यांचे गोळे आत दाबून ते घास घशाखाली ढकलीत असतात. पाणी मात्र तोंडाने कधीच पीत नाहीत. ते कातडीतून शोषले जाते. कातडीची ही सोय असल्यामुळेच घाण आणि रसायने त्यांना लवकर बाधतात, आणि वरसाव्याची एवढी विस्तीर्ण खाडी उशाशी असूनही खारे पाणी न मानवणारे रावसाहेब तिच्याकडे पाठ करून डबक्यालाच दर्या मानतात.

त्याच डबक्यात इतर कुळेही नांदत असतात. एक बारीक चणीचा बेडूक नुसते डोळे वर काढून तरंगत राहतो आणि चाहूल लागताच पाण्याच्या पृष्ठभागावरून टणाटण उड्या मारीत पसार होतो. झाडावरचा बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचे घरटे चिकटवितो. त्यातली पिल्ले यथावकाश खाली पाण्यात टपकतात. ही मंडळी बिचारी कामसू, म्हणून अर्थातच त्यांचे नाव कोणी घेत नाही.

नावलौकिकाचे तोटे रावसाहेबांनी भोगले आहेत. त्यांच्या पुष्ट तंगड्या एके काळी गोठवून हजारो टनांनी युरोप-अमेरिकेतील मेजवान्यांकडे रवाना होत. शेतातले किडे खाणारा हा फुकटचा चाकर परदेशी चालला, हे ध्यानी आल्यावर 1985 साली त्यांच्या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि 1987 साली हिंदुस्थान सरकारने बेडकांच्या तंगड्यांची निर्यातच बंद केली. इतके सोसूनही स्वभाव पालटलेला नाही. माणसांच्या हातून अंदमानात पोचताच त्यांनी तेथील मूळच्या रहिवाशांना खाऊन मुलूख बळकावण्यास सुरुवात केली.

वरसाव्यातला दरबार मात्र मोजक्या रात्रींत आटोपतो. पिवळा पोशाख उतरतो, आवाज बसतो, आणि रावसाहेब पुन्हा सामान्य रयतेसारखे चिखलाच्या रंगाचे होऊन गवतात किडे टिपू लागतात. मागे पाण्यात हजारो अंडी राहतात. त्यांतून शेपटीवाले बेडूकमासे बाहेर पडतात, आणि डबके आटण्यापूर्वी पाय फुटून काठ गाठण्याची त्यांची धांदल सुरू होते. इतक्या वारसांत एवढेसे वतन कसे वाटून घ्यावे, हा प्रश्न एरवी दिवाणी न्यायालयात तीन पिढ्या रेंगाळला असता. हे चिरंजीव तो वकिलाशिवाय, एकमेकांना खाऊन, पंधरवड्याभरात बराचसा निकालात काढतात.