नेहमीसारखं चाला

आमच्या इमारतीतल्या गुडघेसरांना माझं नाव येत नाही. बारा वर्षं शेजार आहे, दिवाळीला फराळाची ताटं इकडून तिकडे जातात, त्यांच्या घराची जादा किल्ली आमच्या खुंटीला असते. तरी जिन्यात गाठ पडली की ते माझ्या तोंडाकडे, हे भांडं कुणाकडून आलं असावं, अशा नजरेनं बघतात. मग नजर खाली घसरते आणि चेहरा खुलतो. "अरे, तुम्ही होय! उजवी टाच अजून बाहेरूनच झिजतेय वाटतं?" माणसाचा चेहरा त्यांच्या लेखी पाकिटावरचं तिकीट. मजकूर कमरेपासून खाली सुरू होतो.

त्यांना चांगलं भारदस्त आडनाव आहे, पण ते आता फक्त लाइटबिलावर उरलंय. वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे गुडघेसरच म्हणतात. विद्यापीठात खेळातल्या दुखापती आणि शरीराच्या हालचाली यांच्यावर संशोधन करणारी एक प्रयोगशाळा आहे, तिचे ते प्रमुख. विषय बायोमेकॅनिक्स. सोसायटीत त्यातलं 'मेकॅनिक' एवढंच पोचलं, आणि पहिली दोन वर्षं पाण्याचा पंप बिघडला की लोक त्यांची बेल वाजवायचे. ते यायचेही. पंपाशेजारी उकिडवे बसून पाच मिनिटं ऐकायचे आणि सांगायचे, "डावीकडे कंपन जास्त आहे." ते हटकून बरोबर निघायचं. पंप मात्र दुसरंच कुणीतरी दुरुस्त करायचं. संशोधक आणि डॉक्टर यांच्यातला फरक आम्हाला त्या पंपानं शिकवला.

संध्याकाळी पार्किंगमध्ये पोरं टेनिस बॉलनं क्रिकेट खेळतात. बाकीचे काका आपापल्या गाडीच्या काचा सांभाळत उभे असतात. सर बोलिंग टाकणाऱ्या पोराचा पुढचा पाय बघत असतात. "फास्ट बोलरचा पुढचा पाय टेकतो ना, तेव्हा जमीन त्याला त्याच्या वजनाच्या पाचपटीनं उलट ढकलते. कधी त्याहूनही जास्त. आणि नेमका त्याच वेळी हा कंबर वाकवतो आणि पिळतो! बुमराची पाठ काय उगाच गेली?" बुमरानं २०२२चा टी-ट्वेंटी विश्वचषक पाठीपायी सोडला, पुढच्या वर्षी न्यूझीलंडला जाऊन शस्त्रक्रिया करून घेतली, हे सर अशा सुरात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातलंच कुणी दवाखान्यात आहे. त्या पोराचं वजन बत्तीस किलो. त्याच्या आईनं सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला बुद्धिबळाच्या क्लासला घातलं. सर आठवडाभर हळहळत होते. "अहो, खेळ बंद करा असं कुठे म्हटलं मी? दिवसाला किती बॉल टाकतो ते मोजा, एवढंच म्हटलं."

मोजणे. त्यांचा सगळा धर्म या एका क्रियापदात मावतो, आणि या धर्मातला संत म्हणजे मुथय्या मुरलीधरन. प्रयोगशाळेच्या दारावर त्याचा फोटो आहे. १९९५ साली मेलबर्नला पंचांनी त्याचे चेंडू थ्रो म्हणून नो-बॉल दिले. पुढे ऑस्ट्रेलियातल्याच एका विद्यापीठात त्याचा हात कॅमेऱ्यांखाली तपासला, तेव्हा कळलं की ते कोपर जन्मतःच पुरतं सरळ होत नाही. डोळ्याला जो झटका दिसतो तो बराचसा भास. नंतर आयसीसीनं नियमच बदलला: कोपर पंधरा अंशांपर्यंत सरळ झालं तर चालेल. सरांच्या तोंडी ही कथा हरदासाच्या आख्यानासारखी रंगते. "डोळ्यानं अडकवलं, कॅमेऱ्यानं सोडवलं!" चेन्नईच्या श्रीरामचंद्र विद्यापीठात आयसीसीमान्य चाचणी होते, सर तिथे एकदा जाऊन आले, तेव्हा येताना आम्हाला पेढे दिले होते.

डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही हे त्यांनी इतकं मनावर घेतलंय की लग्नकार्यात त्यांना सांभाळावं लागतं. माझ्या भाच्याच्या वरातीत सगळे नवरदेवापुढे नाचत होते आणि सर एकटे घोडीच्या मागे, कमरेत वाकून, तिच्या खुरांकडे बघत चालले होते. घोडीवाल्याला वाटलं, नाल चोरायला आलेत. मग त्या बिचाऱ्याला बँडच्या गोंगाटात मायब्रिज ऐकावा लागला. १८७८मध्ये कॅलिफोर्नियात या फोटोग्राफरनं धावपट्टीच्या कडेनं बारा कॅमेरे मांडले, दोरे ताणले, सॅली गार्डनर नावाची घोडी दौडत गेली, आणि दौडताना चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे पहिल्यांदा कागदावर आलं. तेही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार शतकानुशतकं पुढचे पुढे आणि मागचे मागे ताणून काढत आले होते, ते सगळं चूक. घोडीवाला शांतपणे म्हणाला, "साहेब, ही पळत नाय. लग्नाची हाय."

प्रयोगशाळा क्रीडा विभागाच्या तळघरात आहे, एका बाजूला भाले आणि मॅट ठेवायची खोली, दुसऱ्या बाजूला जिना. काळे पडदे, भिंतीवर बारा कॅमेरे, प्रत्येकाभोवती लाल दिव्यांचं कडं. आत पाऊल टाकलं की बारा राक्षस आपल्याकडे बघताहेत असं वाटतं. जमिनीत दोन फोर्स प्लेट बसवलेल्या. पाय पडला की जमीन त्याला किती आणि कुठल्या दिशेनं ढकलते हे त्या सांगतात. इथे सरांखालोखाल दोन माणसं महत्त्वाची.

एक म्हणजे पीएचडी करणाऱ्या ताई. वय तिशीच्या आतलं, पण शिपायापासून कुलसचिवांपर्यंत सगळ्यांच्या ताई. त्यांचा विषय कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्या मुलींचे गुडघे. गुडघ्याच्या आत एसीएल नावाचा दोरखंडासारखा बंध असतो. खेळता खेळता तो तुटतो, बहुतेक वेळा कुणी गुडघ्याला धक्काही न लावता: उडी मारून उतरताना, नाहीतर एकदम दिशा बदलताना. त्याच खेळात मुलींना हा धोका मुलांच्या दुपटीहून जास्त. पाय टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत बंध तुटतो, असा व्हिडिओंच्या अभ्यासातून निघालेला अंदाज आहे. त्या ४० मिलिसेकंदांना ताईंनी पाच वर्षं दिलीत, अजून प्रबंध व्हायचाय. घरी लग्नाचा विषय निघाला की त्या म्हणतात, "डेटा साफ होऊ दे." आईला आता डेटा हे कुणातरी मुलाचं नाव वाटायला लागलंय.

दुसरे मामा, प्रयोगशाळेचे शिपाई. मुली एक फुटाच्या खोक्यावरून उतरतात आणि लगेच वर उडी मारतात. कॅमेरे गुडघे आत वळतात का ते टिपतात. मामा पाठमोरे, पाणी भरत असतात. पायांचा आवाज ऐकून म्हणतात, "ही धप्पकन् पडली. हिला जपा." ताई दोन दिवस गणित करून त्याच निष्कर्षाला येतात. सरांनी मामांच्या कानांवर शोधनिबंध लिहायचं ठरवलं होतं, पण मामांनी संमतीपत्रावर सही करायला साफ नकार दिला. कुठल्याही कागदावर सही करायची नाही, हा त्यांच्या वडिलांचा शब्द होता.

याच मामांनी एका खंडेनवमीला फोर्स प्लेटला हळदकुंकू वाहून वर नारळ ठेवला. सकाळी कुणीतरी नारळासकटच प्लेट शून्यावर आणली, नारळ नंतर प्रसादाला गेला, आणि त्या दिवशी आलेला प्रत्येक खेळाडू अर्ध्या किलोनं हलका भरला. ताईंनी आठवडाभर वायरी तपासल्या. नारळाचा उलगडा झाल्यावर सर चिडतील असं वाटलं होतं, ते फक्त म्हणाले, "नोंद करून ठेवा. कारण: श्रीफळ."

सर चिडत नाहीत. मी त्यांना गप्प झालेलं मात्र एकदा पाहिलं. सांगलीकडचा एक कबड्डीपटू आला होता, अंगानं थोराड, चढाईत गुडघा फिरलेला. "कट्टकन् आवाज आला सर. आधी वैद्याकडून चोळून घेतला." मग ऑपरेशन झालं होतं, तिसरा महिना चालू होता, आणि त्याला कधी पळता येईल एवढंच हवं होतं. सरांनी उत्साहात नॉर्वेतला २०१६चा अभ्यास काढला: नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं एकेक महिना जितकं लांबवाल, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला जवळजवळ निम्म्यानं उतरतो. तक्ते दाखवले. पोरानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, नॉर्वेत पोलीस भरती कधी असती?" त्याची सोळाशे मीटरची धाव दोन महिन्यांवर होती. वयोमर्यादेचं शेवटचं वर्ष. सरांनी लॅपटॉप मिटला. त्या संध्याकाळी ते जिन्यात भेटले, तेव्हा माझ्या पायांकडेही त्यांनी बघितलं नाही.

मग एके दिवशी माझा नंबर लागला: सी-सतरा. चाळिशी ओलांडलेली, निरोगी, कुठलाही खेळ न खेळणारी माणसं त्यांना तुलनेसाठी हवी होती. निवड झाल्याचा मला अभिमान वाटला. तो फॉर्म वाचेपर्यंत टिकला. गटाचं नाव होतं 'बैठी जीवनशैली'.

अंगावर अर्धी चड्डी तेवढी ठेवून मला उभं केलं. ताईंनी काबुली चण्याहून थोडे मोठे, राखाडी रंगाचे एकोणचाळीस गोळे दुहेरी चिकटपट्टीनं अंगभर लावले. चाळीस मिनिटं लागली. सर धीर देत होते: १८९१मध्ये लायपझिगला ब्राउने आणि फिशर या दोघांनी एका माणसाच्या अंगावर विजेच्या प्रकाशनळ्या बांधून काळोखात त्याला चालवलं होतं, नुसत्या तयारीलाच कित्येक तास गेले, तुमचं तर काहीच नाही. एका विद्यार्थ्यानं चकाकते गोळे लावलेली काठी खोलीभर ओवाळून कॅमेऱ्यांची आरती केली. मी हात पसरून बुजगावण्यासारखा उभा राहिलो. पडद्यावर एकोणचाळिसाऐवजी अडतीस ठिपके आले. कमरेच्या पुढच्या दोन हाडांवर एकेक गोळा असतो. त्यातले दोन्ही माझ्या पोटाआड गेले होते. आणि जास्तीचा एक दिसत होता तो गळ्यातल्या साखळीचा बदाम. ताईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी विचारलं नाही.

"आता नेहमीसारखं चाला," सर म्हणाले.

हे वाक्य ऐकल्याबरोबर मी आयुष्यात कधी चाललोच नव्हतो असं मला झालं. उजवा पाय पुढे गेला की कुठला हात पुढे न्यायचा? हात हलवायचे का? मी निघालो तो २६ जानेवारीच्या संचलनात. "अहो, नेहमीसारखं!" दुसऱ्यांदा मी बागेत आल्यासारखा सैल चाललो, मामा म्हणाले, "प्यालेत का?" त्यातून पाऊल नेमकं फोर्स प्लेटच्या आत पडायला हवं, पण खाली बघायचं नाही, कारण बघितलं की चाल बदलते. बावीस फेऱ्या झाल्या. प्लेट जवळ आली की मी ठिक्कर खेळणाऱ्या पोरीसारखा पाऊल आखडायचो. सर दर फेरीला तितक्याच मायेनं म्हणायचे, "छान. पण तुमच्यासारखं नाही झालं."

शेवटी मामांनी दारातून हाक दिली, "चहा आलाय!" आणि मी चालायला लागलो.

"रेकॉर्ड! रेकॉर्ड!" सर ओरडले. पडद्यावर माझा काड्यांचा सांगाडा सरळ, ऐटीत, चहाकडे चालला होता. हात आपोआप हलत होते. सर मुग्ध होऊन बघत राहिले. "हे बघा. हे तुम्ही." मग ताई हळूच म्हणाल्या, "सर, टाच प्लेटच्या बाहेर पडलीय." फेरी बाद.

यंदा गणपतीत सरांकडे परदेशातले कुणी प्राध्यापक आले होते. मी आणि बायको आरतीला गेलो, तेव्हा सर ओळख करून द्यायला पुढे झाले आणि माझ्या चेहऱ्याशी येऊन अडले. नजर खाली गेली, अनवाणी पावलांवर थांबली, आणि चेहरा खुलला. "आणि हे आमचे सी-सतरा!"

"अहो, पण नाव काय त्यांचं?" माझ्या बायकोनं न राहवून विचारलं.

सरांनी आवाज खाली आणला. "नाव गोपनीय असतं, वहिनी. एथिक्स कमिटीचा नियम आहे."

पाहुण्यांना मराठी कळलं नसावं, पण त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि वाकून माझ्या उजव्या टाचेकडे बघितलं.