माणूस चांगला आहे, पण...

अमेरिकन फुटबॉलमधल्या डॅलस काउबॉइजच्या चाहत्याला त्याच्या क्वार्टरबॅकबद्दल विचारलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "डॅक माणूस म्हणून लाख चांगला आहे." हे कानावर पडताच जाणकार मंडळी खुर्ची ओढून बसतात, कारण आता 'पण' येणार. घाई कुणालाच नसते. अर्लिंग्टनच्या स्टेडियमबाहेर पार्किंगमध्ये धुरावर ठेवलेलं ब्रिस्केट उतरायला वेळ असतो, बिअर बर्फात असते आणि सामना सुरू होईपर्यंत दुसरं कामही नसतं.

माणूस खरंच चांगला आहे. डॅक प्रेस्कॉटची आई कर्करोगानं गेली, २०२० मध्ये भावानं आत्महत्या केली, आणि त्या काळातल्या नैराश्याबद्दल तो मोकळेपणानं बोलला. समाजकार्यासाठीचा 'वॉल्टर पेटन मॅन ऑफ द इयर' हा लीगचा मानाचा पुरस्कार त्याला २०२२ च्या हंगामात मिळाला. चाहता हे सगळं मान्य करतो, अभिमानानं सांगतो, आणि पुढचा पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडेपर्यंत लक्षातही ठेवतो.

हा चाहता प्लंबर असेल, दातांचा डॉक्टर असेल किंवा फ्रिस्कोतला सॉफ्टवेअरवाला असेल. ओळखायचा तो कपाटावरून. कपाटात जर्सींचे थर असतात: तळाशी वडिलांची १२ नंबरची, रॉजर स्टॉबॅकची. त्यावर ८ नंबर, ट्रॉय एकमनची. मग ९ नंबर, टोनी रोमोची. सर्वांत वर डॅकची ४ नंबरची. ही शेवटची सामना हरल्यावर धुवायला जाते आणि पुढच्या रविवारी एकमनची बाहेर येते. कारण एकमननं सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकून दिले. त्यांतला शेवटचा २८ जानेवारी १९९६ चा, पिट्सबर्गवर २७-१७. त्यानंतर हा संघ सुपर बोल सोडाच, त्याच्या एक पायरी आधीच्या सामन्यापर्यंतही पोचलेला नाही. ज्याचं वय तिशीच्या आत आहे, त्यानं काउबॉइजचं वैभव यूट्यूबवर पाहिलेलं असतं. तरीही दर ऑगस्टमध्ये तो छातीवर हात ठेवून सांगतो, "या वर्षी आपलंच."

काउबॉइजचं मुख्यालय आणि सरावाचं मैदान २०१६ पासून फ्रिस्कोत आहे. फ्रिस्को, प्लेनो, अर्व्हिंग ही डॅलसभोवतालची गावं मराठी माणसांनी चांगलीच भरलेली, त्यामुळे ही बाधा आपल्याकडेही आली. सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेले सासरे सोफ्यावर बसून विचारतात, "हा कॅप्टन का?" जावई समजावतो: कप्तानापेक्षा जास्त, बाबा. प्रत्येक डावाची सुरुवात याच्या हातून. प्रशिक्षक हेल्मेटमधल्या रेडिओवरून चाल सांगतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. मग समोरचा बचाव वाचायचा, चाल बदलायची, चेंडू हातात आल्यावर तीनेक सेकंदांत ठरवायचं की तो कुणाकडे फेकायचा. तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोंची माणसं अंगावर येतात. "आणि हरला तर?" "याच्यामुळे." "जिंकला तर?" "ऑफेन्सिव्ह लाइन छान खेळली." सासरे मान डोलावतात. क्रिकेटची निवड समिती, कर्णधार आणि संघ यांच्यावर पन्नास वर्षं बोलल्यावर हे त्यांना नवीन वाटत नाही.

डॅकचं येणं मात्र चाहत्याला आजही गोड वाटतं. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, काउबॉइजला खरं तर पॅक्स्टन लिंच हवा होता, तो मिळाला नाही. कॉनर कुक हवा होता, तोही हुकला. चौथ्या फेरीत, १३५ व्या क्रमांकावर डॅक घेतला. सराव शिबिरात दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकचा पाय मोडला, ऑगस्टमध्ये सिअ‍ॅटलमध्ये रोमोची पाठ गेली, आणि हा पोरगा उभा राहिला तो थेट १३ विजय घेऊनच. आज डॅलसमध्ये असा एकही चाहता सापडत नाही जो म्हणत नाही, "मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं." ज्यांनी त्या वर्षी रोमोला परत आणा म्हणून घसा कोरडा केला, ते सगळे बहुधा गाव सोडून गेले असावेत.

जानेवारी लागला की चाहत्याचा स्वर बदलतो. प्लेऑफमध्ये डॅकचे विजय दोन, पराभव पाच. हा आकडा त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ असतो. त्यात १६ जानेवारी २०२२ ची संध्याकाळ तो दर वेळी नव्यानं उगाळतो. समोर सॅन फ्रान्सिस्को, मागे सहा गुणांनी, घड्याळात १४ सेकंद, हातात एकही टाइमआउट नाही. अशा वेळी चेंडू फेकायचा की नाही? डॅक धावला. मधोमध धावला, सतरा यार्ड धावला, आणि खाली घसरला. आता पटकन रांग लावायची आणि चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवायचं. त्यासाठी चेंडूला आधी पंचाचा हात लागावा लागतो. डॅकनं चेंडू आपल्याच सेंटरच्या, म्हणजे चाल सुरू करताना चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या, हाती दिला. मागून पंच धापा टाकत, खेळाडूंना ढकलत आला आणि चेंडू जागेवर ठेवेपर्यंत वेळ संपली. २३-१७. प्रेक्षकांनी पंचांवर वस्तू फेकल्या. डॅकनं तेव्हा रागाच्या भरात फेकणाऱ्यांना शाबासकी दिली, लीगनं २५ हजार डॉलर दंड ठोकला आणि त्यानं माफी मागितली.

ती चाल डॅकची नव्हती, वरून आलेली होती. प्रशिक्षकांनी नंतर तिचं समर्थनही केलं. पण हे सांगितलं की चाहता ऐकू न आल्यासारखं करून ब्रिस्केट परततो.

पुढच्या वर्षी तर ब्रह्मदेवालाही सुचणार नाही असा प्रकार झाला. आधीच्या आठवड्यात डॅकनं टॅम्पात जाऊन टॉम ब्रेडीच्या संघाला ३१-१४ धुतलं, चार टचडाउन पास दिले, एक टचडाउन स्वतः धावून केला. ब्रेडीचा तो अखेरचा सामना ठरला. गंमत अशी की त्या दिवशी डॅलसच्या किकरनं टचडाउननंतरच्या सोप्या किक ओळीनं चार वेळा हुकवल्या, त्यामुळे डॅकच्या सर्वोत्तम दिवसाची आठवणही लोकांनी किकरवर खर्च केली. सहाच दिवसांनी पुन्हा सॅन फ्रान्सिस्को, दोन इंटरसेप्शन, १९-१२ हार. शेवटच्या चालीत चेंडू घेऊन धावणाऱ्या इझिकिएल एलियटला सेंटरच्या जागी उभं केलं होतं. त्यानं चेंडू मागे दिला आणि क्षणात पाठीवर आडवा झाला. पुढचा पास ज्याच्या हाती पडला तोही तिथल्या तिथे पाडला गेला. डॅलसमध्ये आजही कुणी म्हणालं की "डॅकला मोठा सामना झेपत नाही," की कुणीतरी हळूच विचारतं, "आणि एलियटला सेंटर कुणी केलं?"

२०२३ च्या हंगामाचा हिशेब आणखी अवघड. डॅकनं लीगमध्ये सर्वाधिक, ३६ टचडाउन पास दिले, सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात लमार जॅक्सनच्या मागे दुसरा आला. मग १४ जानेवारी २०२४ ला घरच्या मैदानावर, सातव्या मानांकनाच्या ग्रीन बेनं २७-० अशी आघाडी घेतली. अखेर ४८-३२. डॅकच्या नावावर चारशेहून जास्त यार्ड लागले. "हे सगळे सामना गेल्यावरचे यार्ड," असं म्हणताना चाहत्याच्या चेहऱ्यावर एखाद्या सनदी लेखापालाचं समाधान असतं. बचावानं ४८ गुण दिले, हे तो वेगळ्या वहीत मांडतो. ती वही सहसा उघडत नाही.

मग पैसा. ८ सप्टेंबर २०२४, रविवार. आदल्या दिवशी गणेश चतुर्थी होती. फ्रिस्को-प्लेनोतल्या ज्या घरांत दीड दिवसाचा गणपती होता, तिथे विसर्जनाच्या तयारीतच बातमी आली: चार वर्षं, २४ कोटी डॉलर, वर्षाला सहा कोटी. लीगच्या इतिहासात तोवर एवढा वार्षिक मोबदला कुणालाच मिळाला नव्हता. त्याच दुपारी क्लीव्हलँडमध्ये काउबॉइज ३३-१७ जिंकले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अटलांटात डॅकच्या मांडीमागचा स्नायू फाटला आणि हंगाम संपला. त्या हिवाळ्यात डॅलसमधला प्रत्येक न्हावी पगार-मर्यादेचा तज्ज्ञ झाला.

अशा वेळी चाहत्याला राखीव क्वार्टरबॅक आठवतो. राखीव क्वार्टरबॅक हा शेजाऱ्याच्या मुलासारखा: घरच्यापेक्षा हुशारच वाटतो. २०२२ मध्ये डॅकचा अंगठा मोडला, कूपर रश पाच सामने खेळला, चार जिंकला, आणि डॅलसमध्ये अंगठा बरा होऊच नये असं म्हणणारा एक गट तयार झाला. पाचव्या सामन्यात फिलाडेल्फियात रशनं तीन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले, तेव्हा गट विसर्जित झाला.

काउबॉइजचा चाहता डॅकवर अन्याय करतो असं म्हणावं, तर त्यानं आजवर कुणाला सोडलंय? साठच्या दशकात डॉन मेरेडिथची हुर्यो उडवली, तो वयाच्या ३१ व्या वर्षीच निवृत्त झाला आणि नंतर टीव्हीवर समालोचक म्हणून लाडका झाला. १९७१ मध्ये प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी शिकागोविरुद्ध स्टॉबॅक आणि मॉर्टन या दोन क्वार्टरबॅकना चालीगणिक आलटून पालटून उतरवलं, तेव्हाही गावात दोन तट होते. स्टॉबॅक निवृत्त झाल्यावर डॅनी व्हाइटनं संघाला ओळीनं तीन वर्षं सुपर बोलच्या दारात नेलं, तिन्ही वेळा दार बंद झालं, आणि तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. खुद्द एकमननं १९८९ मध्ये पहिल्या हंगामात अकरा सामने सुरू केले आणि अकराही हरला. रोमोनं जानेवारी २००७ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये किकसाठी धरलेला चेंडू हातातून निसटू दिला. पुढची दहा वर्षं त्यानं काहीही केलं तरी तो निसटलेला चेंडूच आधी दाखवत.

एकमनच्या दिवसांत एमिट स्मिथ होता, मायकल अर्व्हिन होता, भिंतीसारखी ऑफेन्सिव्ह लाइन होती, आणि लीगची पगार-मर्यादा आली तीच १९९४ मध्ये, म्हणजे तीनपैकी दोन सुपर बोल जिंकून झाल्यावर. चाहत्याला हे सांगितलं की वाद अपरिहार्यपणे जेरी जोन्सकडे वळतो. त्यानं १९८९ मध्ये संघ विकत घेतला. खेळाडू निवडणारा महाव्यवस्थापक तोच, आणि दर आठवड्याला रेडिओवर येऊन संघाचं काय चुकलं हे सांगणाराही तोच. इथे चाहता पहिल्यांदा गप्प होतो. क्वार्टरबॅकला बाकावर बसवता येतं. मालकाला बसवायला बाकच नाही.

डॅकची मर्यादा खरी आहे, हेही म्हटलं पाहिजे. संघ पुढे असला, लाइन टिकली, तर त्याच्याइतकं नेमकं फेकणारे लीगमध्ये मोजकेच. मोठ्या सामन्यात सुरुवातीलाच मागे पडला की तो घाई करतो आणि पास उशिरा किंवा आखूड पडतो. पाच पराभवांतले किमान दोन त्याच्या खात्यावर टाकावेच लागतील. उरलेल्यांत २०१७ चा ग्रीन बेविरुद्धचा आहे: पोरगा पहिल्याच वर्षी १८ गुणांची पिछाडी भरून काढतो आणि समोरचा किकर शेवटच्या क्षणी ५१ यार्डांवरून चेंडू पार करतो. तोही 'पाच'मध्येच मोजला जातो.

२०२५ मध्ये ग्रीन बेशी ४०-४० अशी बरोबरी झाली आणि चाळीस गुण करूनही न जिंकल्याचा दोष कुणाचा यावर आठवडाभर चर्चा झाली. गळका बचाव सगळ्यांना दिसत होता. त्याच हंगामात डॅकनं रोमोचा एकूण पासिंग यार्डांचा विक्रम मोडला. काउबॉइजच्या इतिहासात एवढं अंतर चेंडू कुणीच फेकलेला नाही, स्टॉबॅकनं नाही आणि एकमननंही नाही. संघ मात्र ७ विजय, ९ पराभव आणि ती एक बरोबरी घेऊन प्लेऑफबाहेर राहिला. प्रेस्कॉटचा करार २०२८ च्या हंगामापर्यंत आहे.