अपूर्णांकांचा मेळा

होतकरू लेखकाने घरी बसून लिहिणे म्हणजे वेळेचा शुद्ध अपव्यय. त्याने वर्ल्डकॉन गाठावे. विज्ञानकथा आणि फँटसीच्या चाहत्यांचा हा मेळा १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. इथेच ह्यूगो पुरस्कार मिळतात, शिवाय कादंबरी कशी लिहावी यावर दिवसभर परिसंवाद ऐकता येतात. त्यामुळे ती लिहायला वेळ उरत नाही, हा आणखी एक फायदा.

न लिहिण्याच्या या विद्येचे कुलगुरू अर्थातच जॉर्ज आर. आर. मार्टिन. त्यांच्या फँटसी कादंबरीमालिकेचा पाचवा खंड २०११ साली आला. सहावा येतोच आहे. २०१९ मध्ये त्यांनी चाहत्यांना रीतसर परवानगीच देऊन टाकली: पुढच्या वर्षी न्यूझीलंडच्या वर्ल्डकॉनला पुस्तक हाती नसेल, तर तिथल्या व्हाइट आयलंडवरच्या आम्लाच्या तळ्याकाठी, एका खोपटात मला कोंडा.

२०२० साली महासाथ आली, वर्ल्डकॉन ऑनलाइन झाले. लेखकाऐवजी अख्खे जग कोंडले गेले. पुस्तक तरीही आले नाही.

एवढी साधना वाया जाऊ नये. सर्वोत्कृष्ट अपूर्ण कादंबरीसाठी स्वतंत्र ह्यूगो असावा. होतकरू लेखकाने तसा प्रस्ताव लिहायला घेतला आहे.

अर्धा झाला आहे.