राणीचे ठिपके

आमच्या देवघरातल्या डबीत आजीचे दोन बंदे रुपये आहेत. लक्ष्मीपूजनाला बाहेर यायचं, हळदकुंकवात न्हायचं आणि न पुसता डबीत परतायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे राणी कुठली आणि राजा कुठला, एवढंच कळायचं.

निवृत्तीनंतर माझ्या हातात नाण्यांचं एक पुस्तक पडलं आणि झोप उडाली. १८६२ छापलेले राणीछाप रुपये त्याच सालानं १८७४ पर्यंत पडत राहिले म्हणे! मुंबईच्या टांकसाळीनं खरं वर्ष ओळखायला बारीक ठिपके दिले. काही ठिपक्यांना सोन्याचा भाव. आमची राणी १८६२ चीच!

राजाचं तर विचारूच नका. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, बहुतेक नाणी वितळवली गेली, पुढच्या वर्षी सोंड दुरुस्त झाली. उरलेल्यांना आज मोठी मागणी. आमच्या राजाच्या सालातला शेवटचा आकडा कुंकवाखाली होता.

"निदान तोंडं तरी दिसतील त्यांची," म्हणत आईनं रिठे काढून दिले. पण रिठ्याला धीर लागतो. मी रांगोळी आणि जुना टूथब्रश घेतला.

राजा आधी उजळला. १९१२. झग्यावर चांगला सोंडवाला हत्ती. दारी हत्ती आला म्हणून हळहळणारा मी पहिलाच असेन.

मग सगळा जोर राणीवर. घासण्याआधी भिंगातून तीन ठिपके दिसले होते. पाच मिनिटांनी दोन. एक कुंकवाचा होता. आणखी पाच मिनिटांनी तिथं तुळतुळीत चांदी.

रविवार पेठेतल्या नाणेवाल्यानं रुपया कडेनं धरला आणि डॉक्टरांच्या आवाजात विचारलं, "काका, घासलात?"

"थोडासा."

"काळा होता तेव्हा आणायचा होतात. आता चांदीच्या भावानं देतो."

हा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, पूर्वी सोनार तो वजन म्हणून वापरायचे. आमचा काट्यावर ११.४० भरला. थोडी राणी आजीच्या काळातच बाजारात झिजली असेल. बाकीची आमच्या मोरीतून मुठेत गेली.

विकला नाही. यंदा पूजेत आईनं तो मधोमध मांडला आणि आल्यागेल्याला दाखवला. इतका लख्ख रुपया आमच्या घरात कधीच नव्हता, असं तिचं मत आहे.