साडेसहा

साडेसहांना ‘यंदा सुट्टीत कुठं?’ असं चुकूनही विचारू नये. कुठं जाणार हे ते सांगतच नाहीत. कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला पिवळा टेप खर्रर्र करत बाहेर येतो, त्याचं टोक विचारणाऱ्याच्या हातात जातं, “धरा जरा,” आणि पुढचा पाऊण तास एकाच प्रश्नावर जातो: तीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर ओढायचा, तर एफ-१५० पिकअपचा हौदा साडेपाच फुटी घ्यावा की साडेसहा?

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांतल्या मराठी मंडळींत त्यांचं खरं नाव आता वर्गणीच्या पावतीपुरतं उरलं आहे. बाकी सगळीकडे ‘साडेसहा’. “साडेसहा आलेत का?” असं कुणी विचारलं की नवखा माणूस घड्याळ बघतो.

हा मनुष्य सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मिक्सर घेण्याआधी दुकानदाराला वॅट समजावून सांगतो तो हाच, आणि स्कूटरचं ॲव्हरेज काढायला प्रत्येक वेळी टाकी काठोकाठ भरून वहीत नोंद करायचा तोही हाच. टेक्ससमध्ये आल्यावर त्याला पिकअप ट्रक सापडला आणि त्याच्या प्रतिभेला जन्मभर पुरेल एवढं कुरण मिळालं. फोर्डनं १९२५ साली मॉडेल टीच्या मागं हौदा बसवून कारखान्यातला आपला पहिला पिकअप २८१ डॉलरला विकायला काढला, तेव्हा गिऱ्हाइकानं पैसे मोजायचे आणि निघायचं, एवढंच काम होतं. आता इंजिनं निराळी, केबिनं निराळी, मागच्या आसाचे गिअर निराळे, आणि हौदे तीन: साडेपाच, साडेसहा, आठ. त्यातला आठ फुटी चार दारांच्या एफ-१५० ला मिळत नाही हे कळलं, तेव्हा साडेसहांना दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. घेणार ते नव्हतेच. पण नाकारायचा हक्क कंपनीनं परस्पर काढून घेतला, हे त्यांना लागलं.

निवड दोघांतच उरल्यावर टेपला जोर चढला. एका बारशाला त्यांनी पाळणा मोजला. आत बाळ होतं. “छत्तीस इंच. आडवा ठेवला तर साडेपाचात सहज बसेल, वर दोन बॅगाही राहतील,” असं त्यांनी बाळाच्या आजीला सांगितलं, तेव्हा त्या माउलीला नातवाला ट्रकमधून कुठं नेणार आहेत तेच कळेना. हळदीकुंकवाला सोफा मोजला. सत्यनारायणाला चौरंग मोजायला निघाले होते, पण गुरुजींनी नुसतं डोळे वर करून पाहिलं आणि टेप खटाक् करून आत गेला.

या सगळ्यात एक गंमत अशी की, ट्रॅव्हल ट्रेलरला हौद्याच्या लांबीशी सरळ काही देणंघेणं नसतं. फिफ्थ व्हील नावाचा जो भलामोठा ट्रेलर असतो, त्याची जोडणी हौद्याच्या आत, मागच्या आसाच्या आसपास बसते. तिथं हौदा आखूड पडला तर अवघड वळणावर ट्रेलरचं नाक केबिनच्या मागच्या काचेवर आदळू शकतं, म्हणून आखूड हौद्यात सरकती जोडणी घालतात. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरचा गोळा मात्र मागच्या बंपरखाली असतो. हौदा साडेपाच असो की आठ, गोळ्याला त्याचं सोयरसुतक नाही.

हे संक्रांतीच्या कार्यक्रमात एका तरुणानं साडेसहांना ऐकवलं. आसपासच्या चार जणांनी तिळगुळ चघळायचा थांबवला. आता विषय संपणार, ही आशा सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. साडेसहा शांतपणे म्हणाले, “व्हीलबेस!”

आणि तिथून दुसरा अंक सुरू झाला. चार दारांचा एफ-१५० साडेपाच फुटी हौद्याचा घेतला तर पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १४५ इंच, साडेसहाचा घेतला तर १५७. ट्रेलर ओढणाऱ्यांत जुना ठोकताळा आहे: ११० इंचांना वीस फुटी ट्रेलर, पुढं दर चार इंचांना एक फूट वाढवायचा. चाकांत अंतर जास्त, तर बाजूनं वारा आल्यावर किंवा अठरा चाकी शेजारून गेल्यावर ट्रक कमी डगमगतो, असा त्यामागचा हिशेब. म्हणजे साडेपाचवाल्याला पावणेएकोणतीस फूट झेपतो आणि साडेसहावाल्याला पावणेबत्तीस. साडेसहांच्या मनातला ट्रेलर बरोब्बर तीस फुटांचा, मधोमध पाय पसरून बसलेला. हा निव्वळ ठोकताळा आहे, कायदा नव्हे, आणि पुढं वजन वाटून देणारी हिच मिळते, झुलणं आवरणारे दांडे मिळतात, हे त्या तरुणानं सांगून पाहिलं. पण तोवर टेपचं एक टोक त्याच्याच हातात आलेलं होतं.

मग साडेसहाच घ्यावा ना? तर नाही. कारण गॅरेज. ते वीस फूट खोल. साडेपाच हौद्याचा ट्रक सव्वाएकोणीस फुटांच्या थोडा पुढे जातो, म्हणजे आत मावतो. साडेसहाचा ट्रक वीस फूट तीन इंच. तीन इंच दाराबाहेर! आणि हे वीस फूट फ्रीझरपर्यंतचे, कारण गॅरेजच्या आतल्या भिंतीला वहिनींचा डीप फ्रीझर आहे. त्यात खवलेला नारळ, तळणीचे मोदक, सोललेले वाल आणि मागच्या पुणे-वारीतल्या पुरणपोळ्या यांचे थर नीट लावलेले असतात. साडेसहांनी टेप लावून सिद्ध केलं, की फ्रीझर हलवला तर ट्रक आत जाईल. वहिनी म्हणाल्या, “ट्रकला थंडी वाजत नाही. बाहेर झोपू दे.”

वडिलांचा सल्ला घ्यावा म्हणून त्यांनी एकदा सांगली जिल्ह्यात फोन लावला. वडिलांची हयात उसात गेलेली, कारखान्याच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या रोज दारावरून जाताना बघितलेल्या. मुलानं त्यांना टंग वेट समजावलं: ट्रेलरच्या एकूण वजनातला दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीवर यायला हवा. कमी आला तर हमरस्त्यावर ट्रेलर डावी-उजवीकडं झुलायला लागतो. फार झाला तर ट्रकचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग लागत नाही. त्यासाठी केलेल्या एक्सेल शीटमधल्या रंगांचाही उल्लेख झाला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे गाडी उलाळ हू द्यायची न्हाई, आन् बैलाच्या मानंवर बी लई भार टाकायचा न्हाई. बैलगाडीचंच हाय की रं. एवढ्यासाठनं फोन केलास व्हय?”

साडेसहांनी फोन ठेवला आणि पेलोडकडं मोर्चा वळवला.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचं एक लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाऊ नये, ते त्यावर छापलेलं असतं. जाहिरातीत ‘तेरा हजार पौंड ओढतो’ असं गरजणारा ट्रक या लेबलावर एकदम नरमतो. समजा लेबलावर १,६०० आहे आणि ट्रेलर ७,००० पौंडांचा. तेरा टक्क्यांनी ९१० पौंड दांडीवरून ट्रकवरच आले. शंभरेक पौंड वजन वाटणाऱ्या हिचचे. उरले ५९०. त्यात दोन माणसं, दोन वाढती मुलं, कूलर, कुकर, तांदूळ आणि वहिनींच्या मते अत्यावश्यक असलेली दोन किलो चकली. शिवाय लांब हौदा म्हणजे जास्त पोलाद. ट्रकचं स्वतःचं वजन वाढतं आणि तेवढं पेलोडमधून वजा होऊ शकतं. ज्या साडेसहानं ट्रेलर स्थिर ठेवायचा, तोच साडेसहा चकली घरी ठेवायला लावतो!

तेव्हापासून साडेसहा लोकांना वजनं विचारू लागले. “या, या, वहिनी, बसा. साधारण किती भरेल हो तुमचं?” ट्रक कंपन्या ओढण्याच्या क्षमतेची चाचणी ज्या प्रमाणानुसार घेतात, त्यात ड्रायव्हर आणि शेजारचा प्रवासी प्रत्येकी १५० पौंडांचे धरतात, म्हणजे ६८ किलोंचे. हे वाचल्यावर दिवाळीच्या फराळाला त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि पुटपुटले, “एकही जोडपं बसत नाही.” कार्यकारिणीतल्या दोन बायका त्यांच्याशी आजही बोलत नाहीत.

मखराचा प्रसंग तर मंडळात अजून सांगतात. गणपतीच्या मखराला प्लायवूड हवं होतं. चार बाय आठचा तक्ता, सगळीकडे मिळतो तोच. हौद्यात चाकांच्या कमानींमधून चार फूट बसतात, पण साडेपाचात आठ फूट मावायचे तर मागची फळी पाडावी लागते, तरी तक्ता बाहेर डोकावतोच. साडेसहा दुकानाच्या पार्किंगमध्ये हे कागदावर काढून दाखवत होते, कारण ट्रक अजून घेतलेला नव्हता. तोवर वहिनींनी आपल्या होंडा ओडिसीच्या मधल्या सीटा काढल्या, मागची सीट जमिनीत पाडली, दुकानातल्या पोऱ्यानं तक्ते आत सरकवले आणि दार बंद झालं. पूर्ण. आठ फूट. मुलांच्या शाळेत जायची मिनीव्हॅन. साडेसहा घरी येईपर्यंत गप्प होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओडिसी मोजली.

अशी वर्षं गेली. ट्रेलर ठरलेला होता: मागच्या टोकाला मुलांसाठी खालीवर बंक असलेला. यलोस्टोनचा नकाशा गॅरेजच्या भिंतीवर होता. मुलं बंकच्या वरच्या जागेवरून भांडायची, मग भांडणं थांबली, मग धाकट्याला नकाशा कशाचा तेही आठवेना.

आणि मग २०२० उजाडलं. विमानांची भीती, हॉटेलांची भीती. ज्यांनी जन्मात तंबू ठोकला नव्हता त्यांनी ट्रेलर घ्यायचा सपाटा लावला. ट्रेलरची बहुतेक पैदास इंडियानातल्या एल्कहार्ट परिसरात होते. तिथले कारखाने वसंतात बंद राहिले, डेट्रॉइटचे ट्रक कारखानेही बंद राहिले, आणि उन्हाळ्यात डीलरांची आवारं रिकामी दिसू लागली. साडेसहा सप्टेंबरात गेले तेव्हा चार दारांचा, ओढायच्या पॅकेजचा, परवडणारा असा एकच एफ-१५० शिल्लक होता. साडेपाच फुटी. मागं आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. साडेसहांचा हात पट्ट्याकडं गेला. वहिनींनी तो अर्ध्यातच धरला आणि त्यात पेन दिलं.

टोपणनाव मात्र बदललं नाही. साडेपाच म्हणून हाक मारायला कुणाची जीभ वळेना.

ट्रेलर दारात ठेवायला वस्तीच्या घरमालक संघटनेची मनाई होती. सामान भरण्यापुरता दोन दिवस उभा करायचा, एरवी गावाबाहेर भाड्याच्या जागेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रेसिडेंट्स डेच्या जोड सुट्टीसाठी साडेसहांनी तो दारात आणला. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर आस न् आस तोलून झाला होता. आणि त्याच शनिवार-रविवारी टेक्सस गोठलं. लाखो घरांची वीज गेली. विजेवर घर तापवणाऱ्यांच्या घरात श्वासाची वाफ दिसायला लागली.

ट्रेलरची भट्टी प्रोपेनवर चालते, पंखा बॅटरीवर. साडेसहांनी ट्रकची तार जोडून बॅटरी चढती ठेवली, सिलिंडर मोजून वापरले आणि शेजारी गोळा केले. मोठ्या पलंगावर समोरच्या घरातलं म्हातारं जोडपं, बंकवर त्या दोन बायकांपैकी एकीची मुलं, मधल्या जागेत कोण कोण. वहिनींनी फ्रीझर ट्रेलरमधल्या गॅसवर रिकामा केला. बाहेर बर्फ, आत पुरणपोळी. कुणाचं वजन किती हे त्या रात्री साडेसहांनी विचारलं नाही, कारण ट्रेलर उभा होता.

त्यांचा थोरला बंकवर झोपून पाहत होता. घोट्यापासून पुढं पाय बाहेर. सहा फूट दोन इंच. साडेसहांनी टेप काढला नाही. नुसतं बघून सांगितलं.

आठवड्यानं संघटनेचं पत्र आलं: ट्रेलर परवानगीपेक्षा जास्त दिवस दारात उभा होता, दंड भरावा. साडेसहांनी भरला. पत्र लॅमिनेट करून ट्रेलरच्या आत, भट्टीच्या वर लावलं.

पुढं थोरला ऑस्टिनला गेला, दोन वर्षांनी धाकटाही गेला. त्या उन्हाळ्यात साडेसहांनी एक्सेल शीट पुन्हा उघडलं, दोन ओळी शून्य केल्या आणि पेलोड पहिल्यांदाच बसलं. भरपूर उरलंही. वहिनींनी चकलीचा डबा पूर्ण भरला आणि दोघं यलोस्टोनला जाऊन आले. बंकवर जातायेता मंडळाचे ढोल होते. उतरवायचे राहून गेले होते.

परवा मंडळात नवं जोडपं आलं. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दोन. ट्रेलर घ्यायचा विचार आहे, काका, हौदा कुठला घ्यावा, असं त्या तरुणानं सरळ साडेसहांनाच विचारलं. भोवतालच्या खुर्च्या आवाज न करता मागं सरकल्या. साडेसहांनी मुलांकडं पाहिलं. म्हणाले, “आवारात जो उभा असेल तो घ्या. या जूनमध्येच निघा.” एवढंच. तरुण थँक्यू म्हणाला आणि कोट घालायला वळला. तो बायकोमुलांसह दाराबाहेर पडतो न पडतो, तोच साडेसहा उठून मागून धावले.

“अहो, पण दारावरचं पिवळं लेबल वाचा बरं! आणि वहिनी, राग मानू नका, तुमचं साधारण किती भरेल?”